कळमजाईला विचारल्याशिवाय

पत्र्याची शेड, २९ जून

तलाठी भाऊसाहेब गोरख यांस,

मोठ्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो, म्हणून लिहिते. मनातून येईल तेव्हा वेगळा देईन.

तुला फोन लावला की लागत नाही. काल शेजारच्या अंबाबाईच्या फोनवरून लावला तर लगेच उचललास, आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणजे डोंगरातल्या रेंजला मी उगाच शिव्या घातल्या. दुसऱ्याच्या फोनवरून सख्ख्या भावाशी भांडायची मला लाज वाटते, म्हणून हे पत्र. जानकूची जीप नारायणगावच्या बाजाराला येते, तो वारूळवाडीत तुझ्या हातात देईल. जानकूला ब्लॉक करता येत नाही. तो दारात उभा राहून चहा मागतो.

तुम्ही लोक आम्हाला सोडून गेलात, त्यानंतरचं सांगते. हिरडवाडीची सगळी घरं आता खालच्या गावाबाहेरच्या या शेडमध्ये आहेत. मध्ये साड्यांचे पडदे लावलेत. पाऊस आला की पत्र्यावर असा ताशा वाजतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. एका अर्थी बरंच आहे, कारण जो तो तुझ्याबद्दलच बोलत असतो. पोरांची अंगणवाडी मी एका कोपऱ्यात भरवते. खिचडी येते, वेळेवर येते, गरम येते. डॉक्टरीणबाई बघून जातात. संडास आहेत आणि त्यांना दारंही आहेत. सरकारने काही कमी ठेवलेलं नाही हे मी आधीच लिहून टाकते, नाहीतर म्हणशील ताई एका बाजूनेच बोलते.

डोंगराला पडलेली भेग मी दाखवली, हेही नाकारत नाही. वाडीच्या डोक्यावर हिरड्याच्या झाडांत ती मला दिसली, मी तुला कळवलं, तू वर कळवलंस, माणसं येऊन मोजून गेली. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पण मी बघायला बोलावलं होतं रे, उचलायला नाही.

तुझा तलाठ्याचा सजा वारूळवाडीकडे. आमच्या वाडीशी तुझ्या नोकरीचा संबंध काय? तरी वाडी हलवायच्या दिवशी तुलाच पुढे घातलं, कारण तू वाडीचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते मी शाळेत पाठ केलं होतं, डोळ्यांनी आता पाहिलं. सगळी वाडी बोचकी बांधून निघाली. एकटा बा उंबऱ्यावर बसून राहिला. त्याने तुला नाही म्हटलं नव्हतं. तो काय म्हणाला ते तुझ्या पंचनाम्यात आलं नसेल, म्हणून मी लिहिते. तो म्हणाला, "मी न्हाई म्हनत न्हाई. सकाळी कळमजाईला कौल लावतो. ती म्हनली जा, तर माझा मी चालत येतो. मला धराया लागायचं न्हाई."

एक सकाळ मागितली त्याने. वाडीत मोठं काही ठरायचं झालं की राईत जाऊन देवीच्या दोन खांद्यांवर तांदळाचे ओले दाणे चिकटवायचे, प्रश्न विचारायचा आणि उजवा पडतो की डावा ते बघायचं, हे काम आज्यानंतर बा करत आलाय. तू शहाणा झाल्यावर विसरला असशील म्हणून सांगितलं. तुझी नोकरी लागली तेव्हा गाव सोडून जावं की नाही हेसुद्धा बाने तिथंच विचारलं होतं. उजवा पडला म्हणून तू भाऊसाहेब झालास.

आणि तू काय म्हणालास? "बा, डोंगर कुनाला इचारून खाली येत न्हाई." मग पोलिसांकडे नुसतं बघितलंस. चौघांनी त्याला काखेत आणि गुडघ्याखाली धरून उचललं. धोतर सुटलं. सगळ्या वाडीसमोर बा तसाच जीपपर्यंत गेला. मी धावत जाऊन घोंगडी टाकली. तू नोटिशीकडे बघत होतास.

तेव्हापासून बा चुलीवरचं खात नाही. देवीला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडला, आता विचारल्याशिवाय अन्न घेणार नाही म्हणतो. भाजलेले शेंगदाणे आणि कोरा चहा. त्या वयाला शेंगदाण्यावर माणूस किती निभावणार? वर जायच्या वाटेवर तुम्ही अडथळा लावून हवालदार बसवलाय. मला तुझ्याकडून एवढंच हवंय. बाला एकदा वर जाऊन कौल लावायची परवानगी आण. बाकी आपलं भांडण आपण निवांत करू.

तुझी ताई,
उज्ज्वला


पत्र्याची शेड, ८ जुलै

गोरख,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी. "ताई, आदेश माझा नाही, जिल्ह्याचा आहे. वर जायला सक्त मनाई आहे. बाला समजाव. खिचडी नको असेल तर दूध दे." खाली सही. बहिणीला लिहिलेल्या चिठ्ठीखाली पूर्ण सही करणारा तू पहिलाच असशील. शिक्का राहिला का?

दूध कुठलं देऊ? गुरं वर आहेत. तुमच्या शेडमध्ये माणसांची सोय आहे, म्हशीची नाही. माणसं खाली आणली आणि गुरं डोंगराला बांधून ठेवली, मग माणसं वर जाणार नाहीत तर काय करतील? आडवाटेने रोज जातात. अंबाबाईचा लेक तर तिकडेच निजतो. हवालदार देशावरचा आहे, त्याच्याही घरी दोन गाई आहेत. अंबाबाई त्याला नाचणीची भाकरी देते आणि विचारते, "राव, तुमची म्हस वर आस्ती तर तुमी काय केलं आस्तं?" तो बिचारा भाकरीकडे बघत बसतो. म्हणजे तुझी सक्त मनाई अशी आहे बघ. ज्याला एकदाच जायचंय आणि सांगून जायचंय तो अडकला, बाकीचे न सांगता जातात.

मी रागाने लिहिते असं वाटेल. राग आहेच. पण रात्रंदिवस डोक्यात हेच फिरतं, बसवत नाही एका जागी. मुलांना गाणी म्हणायला लावते आणि मधेच उठून बाहेर जाऊन डोंगराकडे बघून येते. तो ढगात असतो. दिसत नाही तोवर पडलाय की उभा आहे, कळत नाही.

सरकार नको, असं मी कधी म्हटलंय? माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला गाडी घाट चढून आली नसती तर माझी आरती आज नसती. तू आश्रमशाळेत जेवलास, शिकलास. मी स्वतः सरकारच्या मानधनावर पोरांना अंडी वाटते. सरकार दारात यावं, हाक मारल्यावर धावत यावं, यासाठी तर आपण मोर्चे काढले. पण बाळंतपणाला आलेली गाडी पोरीचं नाव काय ठेवायचं ते ठरवत नव्हती. मला पोहोचवून परत गेली. कुठपर्यंत यायचं ते तिला कळत होतं.

तुझ्याही बाजूचं मला दिसतं. माळीण गाडली गेली तेव्हा तू कॉलेजातून मदतीला गेला होतास. परत आलास तो ओढ्यावर बसून हात धूतच राहिलास, आईने ओढून घरात आणलं. तेव्हापासून पावसात तुला झोप नाही, हे मला ठाऊक आहे. वाडीतल्या कोणाला ठाऊक नाही. त्यांना मी सांगितलं तर ते तुझ्याबद्दल थोडं कमी बोलतील, पण मला सांगायचं नाही. तुझी भीती खरी आहे, गोरख. पण भीती तुझी आणि धरलेले दंड बाचे, हा हिशेब मला पटत नाही.

बाचा आवाज बारीक झालाय. काल आरतीला म्हणाला, तुझा मामा लहानपणी लई घाबरट व्हता. रागाने नाही म्हणाला. म्हणूनच मला जास्त लागलं.

परवानगीचं काय केलंस ते लिही.

उज्ज्वला


पत्र्याची शेड, १६ जुलै

गोरख,

तू काही करत नाहीस म्हणून मीच काल घोडेगावच्या तहसील कचेरीत जाऊन आले. मोठ्या मॅडमना भेटायचं म्हणून नवी साडी नेसले. जानकूने विचारलं, पावणं बघायला निघालीस का? मी म्हटलं, भांडायला निघालेय, नीट चालव.

मी सगळं भाषण पाठ केलं होतं. साहेब लोक तुसडे असतात, असं धरून केलं होतं. मॅडम तुसड्या नव्हत्या, तिथंच माझी पंचाईत झाली. खुर्ची दिली, पाणी दिलं, पूर्ण ऐकून घेतलं. मी म्हटलं, एका म्हाताऱ्याला सकाळी वर न्यायचं आणि दुपारी खाली आणायचं, एवढंच मागते. त्या म्हणाल्या, "ताई, आज देवीसाठी एक जाईल, उद्या शेळ्यांसाठी दहा जातील. मग मी कोणाला नाही म्हणू?"

मी म्हटलं, आम्ही लिहून देतो, आमचं आम्ही बघू.

"तुम्ही लिहून दिलंत म्हणून माझी जबाबदारी सुटत नाही. दरड आली तर लोक मला विचारतील, माणसं वर कशी होती? तुम्हाला कोणी विचारणार नाही."

"आताही आम्हाला कोणी विचारत नाही, मॅडम."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. खिडकीबाहेर पाऊस होता, फोन सारखा वाजत होता, टेबलावर आमच्यासारख्या किती वाड्यांची नावं होती. मला वाटलं, या बाईलाही झोप नसणार. मग त्यांनी मान वर केली आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "देवीलाच खाली आणलं तर? मी गाडी देते. इथे शेडमध्ये कौल लावा. हवं तर भटजींची सोय करू."

हसावं की रडावं ते कळेना. त्यांना खरंच मदत करायची होती रे. जमिनीतून उगवलेला दगड, ज्याला कोणी कधी हलवलं नाही, त्याला गाडी द्यायला निघाल्या. मी नमस्कार करून उठले.

शेडमध्ये आल्यावर बाला सांगितलं. इतक्या दिवसांत बा पहिल्यांदा हसला. पार खोकला येईपर्यंत हसला. म्हणाला, "तिलाबी चौघं धरून आनतील. लुगडं सांभाळ म्हनावं."

मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. शेंगदाणेही आता चावत नाहीत, मी कुटून देते.

उज्ज्वला


पत्र्याची शेड, २२ जुलै

गोरख,

हे लगेच वाच. जानकूला मी बाजाराच्या दिवसाची वाट न बघता धाडलंय.

सकाळी बाला चक्कर आली. दाराजवळ पडला. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावायला घेतलं तर हात अंगाखाली दाबून धरला. त्या म्हणाल्या, ताई, तुम्ही दोघी-तिघी हात धरा, मी सुई लावते, जिवाचा प्रश्न आहे.

मी उठले. एक हात धरलाही. बाने माझ्याकडे बघितलं. "तूबी?" एवढंच म्हणाला.

मी सोडला. पण आधी धरला होता, हे तुला सांगितलंच पाहिजे. त्या दिवशी तुला कसं वाटलं असेल, ते मला त्या क्षणी कळलं. बापाचा जीव जातोय असं दिसत असताना त्याला विचारत बसायचं कोणाला सुचतं? मी तुला महिनाभर शिव्या घातल्या, आणि वेळ आल्यावर माझाही हात तिथंच गेला.

डॉक्टरीणबाई म्हणतात, उद्या-परवापर्यंत काही पोटात गेलं नाही तर बाला मंचरच्या दवाखान्यात न्यावं लागेल, राजी असो नसो. म्हणजे पुन्हा उचलणार. मला ते बघवणार नाही आणि अडवताही येणार नाही.

तू ये. परवानगी घेऊन ये नाहीतर घेतल्याशिवाय ये. ज्या हातांनी खाली आणलास त्याच हातांनी वर घेऊन जा.

ताई


पत्र्याची शेड, १४ ऑगस्ट

चि. गोरख,

तुझं मोठं पत्र मिळालं. या वेळी खाली नुसतं 'गोरख' लिहिलंस, बरं वाटलं.

वरिष्ठांनी तुझ्याकडे खुलासा मागितलाय हे जानकूकडून कळलं होतंच. बंदी असलेल्या जागी शासकीय कर्मचारी स्वतः एका वृद्धास पाठीवर घेऊन गेला, असं त्यात लिहिलंय म्हणे. ऐकून अंबाबाई म्हणाली, "बापाला पाठीवर घेतला तर नोटीस, अन् चौघांनी उचलला तवा शाबासकी. लईच न्यारं हाय बाई." तिला समजावत बसले नाही.

इकडचं सांगते. बा आता भात खातो. मंचरचं नाव कोणी काढत नाही. तू आणि जानकूने बांबू आणि ताडपत्रीचा जो गोठा करून दिला, त्यात सगळ्यांची गुरं आली, त्यामुळे वर निजायला कोणी जात नाही. हवालदार दिवसभर मोबाइल बघतो. डोंगर अजून उभा आहे. तू बाला वर नेलंस त्या दिवशी भेगेत बाची काठी मुठीपर्यंत गेली होती, परवा मोजायला आलेले लोक म्हणाले, आता रुंदीही वाढलीय. तरी उभा आहे. आपली माणसं कुरकुर करायला लागलीत, कुठं पडला, सरकारने उगाच हलवलं. पडला तर रडतील आणि नाही पडला तर चिडतील. मी रोज उठून आधी तिकडे बघते, अजूनही.

पण आज लिहायला बसले ते तुझ्या पत्रातल्या शेवटच्या पानामुळे.

तू लिहितोस, तू मॅडमना प्रस्ताव दिलायस. पुढच्या वर्षीपासून धोक्याच्या प्रत्येक वाडीत नोटीस देण्याआधी गावदेवाचा कौल घ्यावा, म्हणजे लोक आपणहून खाली येतील आणि बळाचा वापर करावा लागणार नाही. आपल्या वाडीचा दाखला तू दिलायस. देवीने जा म्हणून सांगितलं आणि सारी वाडी शांतपणे खाली राहिली, असं. आणि मला खाजगीत लिहितोस की, ताई, डोंगर विचारून येत नाही असं मी बाला बोललो होतो, तरी देवीने माझी लाज राखली, मी तिला नारळ बोललोय.

नारळ दे. प्रस्ताव मागे घे. का ते सांगते, कारण तू राईच्या बाहेर उभा होतास.

त्या रविवारी तू पहाटे न सांगता मोटारसायकलवर आलास. हवालदार म्हणाला, भाऊसाहेब, माझी मान आखडलीय, मी जरा तिकडं तोंड करून बसतो. तू बाला पाठकुळी घेतलंस, मी छत्री धरून मागे. वाटेत घरावरून गेलो, घराच्या मागे चढ लागला. बा तुझ्या कानाशी म्हणाला, "भेग कुठं हाय ती?" तू नेलंस, खाली उतरवलंस. त्याने काठी आत सोडली. काढली. पुन्हा दुसऱ्या जागी सोडली. तेवढं तू पाहिलंस.

मग राईपाशी त्याने हद्दीच्या दगडाजवळ तुला थांबवलं. "तू सरकारचा मानूस म्हनून धरून नेलंस मला. सरकारनं हितं भाईर थांबायचं." मला वाटलं तू चिडशील. तू चपला काढल्यास आणि दगडाच्या अलीकडे पावसात उभा राहिलास. मी तुझ्याकडे बघितलंही नाही, मला रडू आलं असतं. बायकांनी कौलाजवळ उभं राहायची चाल नाही, पण दाण्यांवर पाणी पडू नये म्हणून छत्री धरायला कोणीतरी हवंच होतं. बा म्हणाला, ये, पन त्वांड मिटून.

त्याने दाणे ओले करून देवीच्या खांद्यांवर लावले. मोठ्याने विचारलं, "आई, वाडी खाली जाऊन ऱ्हायली तर चालंल का? चालत आसंल तर उजवा दे." आणि आम्ही बसलो. वारा नव्हता. माझा हात भरून आला. मला एकच वाटत होतं, डावा पडला तर काय? बा तिथंच बसेल, तू त्याला सोडून जाणार नाहीस, आणि मी तरी कुठे जाणार होते?

गोरख, डावा पडला.

मी नीट पाहिलंय. माझी नजर त्याच्यावरच होती. देवी नाही म्हणाली. वाडी खाली नको म्हणाली. बाने पडलेला दाणा उचलून कपाळाला लावला, देवीला डोकं टेकवलं, माझा आधार घेऊन उठला, हद्दीच्या दगडापाशी आला आणि तुला म्हणाला, "खाली जायचं." मग तू पाठ पुढे केलीस तर त्याने तुझा खांदा धरला आणि सगळा उतार स्वतःच्या पायांनी उतरला. तू पुढे चालत रडत होतास. तुला वाटलं देवी बोलली. वाडीलाही तेच वाटतं, आणि मी कोणाला काही सांगितलेलं नाही.

दुपारी मी पेज केली. इतक्या दिवसांनी त्याच्या पोटात चुलीवरचं जाणार होतं. पहिल्या घोटाला त्याने मीठ मागितलं. आजूबाजूला कोणी नव्हतं, मी विचारलं, "बा, डावा पडला व्हता."

"पडला."

"म्हंजी देवी न्हाई म्हनली."

"म्हनली की."

"मग तू खाली कसा आलास? आजवर तिच्या शब्दाभाईर गेला न्हाईस. गोरखची नोकरी जाईल म्हनून आलास का?"

त्याने वाटी खाली ठेवली. माझ्यावर असा खेकसला, की हा माणूस आता जगतो अशी माझी खात्री झाली. "नोकरीचं काय सांगती? मी काठी घालून पाह्यली. आख्खी काठी गेली आत. ती बसली राईत, तिला कुनी भेग दावली? जुन्या वळखीवर बोलली ती. आपन तिला इचारायचं, तिनं सांगायचं. सरकारला इचारायचं, त्येनं सांगायचं. पन जीव आपला, जमीन आपली. बघून ठरवाया आपल्याला डोळं दिल्यात ना?"

मी म्हटलं, मग वाडीला खरं का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "त्यांना भेगंपाशी न्हेलं न्हाई कुनी. त्यांनी बघितली आस्ती तर त्यांचं त्यांनी ठरवलं आस्तं. बघू दिलं न्हाई, मग देवीचं नाव सांगितलं. मीबी तुमच्यासारखंच केलं."

हे त्याने वाईट वाटून सांगितलं. म्हणून म्हणते, कौलाचा प्रस्ताव नको. उद्या कुठल्यातरी वाडीत डावा पडेल आणि तिथे बासारखा म्हातारा नसेल. नाहीतर तुमचाच कोणी हुशार माणूस उजवा दाणा जरा कमी ओला लावेल. मॅडमना सांग, भेग पडली की आधी वाडीतली माणसं नेऊन दाखवा. म्हातारीकोतारी, बायका, सगळी. पाठीवर न्यावं लागलं तर पाठीवर न्या. मग नोटीस द्या. तेवढं केलंत तरी निम्म्या जणांना धरावं लागणार नाही. बाकीच्या निम्म्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर लिही.

पेज संपवून बाने वाटी माझ्याकडे दिली आणि विचारलं, "तुला कवा गावली ती भेग?"

"हिरडा गोळा करताना. उन्हाळ्यात."

"अन् पयली कुनाला सांगितलीस?"

मी तुझं नाव सांगितलं.

बा पांघरूण ओढून पडला. मग पडल्या पडल्या म्हणाला, "फोन लावाया वळनावर गेली आसशील."

वाडीत फोन लागतो तो फक्त त्या वळणावर, आणि तिकडे जायची वाट बाच्या दारावरून जाते. त्या दिवशी बा ओट्यावर बसून दोर वळत होता. मला घाईत जाताना बघून त्याने विचारलंही होतं, काय गं, कुठं चाललीस? मी म्हटलं, काही नाही बा, आलेच.

उज्ज्वला